आधी चेहरा

सकाळी नऊ

माझ्या कामाच्या खोलीला खिडकी नाही. भिंती करड्या, छत करडं, खुर्च्याही करड्या. मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर एक मंद दिवा आहे, ६५०० केल्विनचा, दिवसाच्या सरासरी उजेडाशी जुळणारा. कामाला येताना मी काळे नाहीतर राखाडी कपडे घालते. केशरी ओढणी घेऊन बसलं, तर तिचा उजेड पडद्यावर पडतो आणि नटीच्या गालावर नसलेली लाली मला दिसायला लागते. खाली अंधेरीचा रस्ता आहे, रिक्षा, भाजीची गाडी, वाळत घातलेले कपडे, सगळे रंग आहेत. इथे रंग तपासायचे असतात, म्हणून खोलीचा स्वतःचा एकही रंग ठेवलेला नाही.

मी कलरिस्ट आहे. शूटिंग झालं, संकलन झालं, की चित्रपट माझ्याकडे येतो. एकेका शॉटचा उजेड, सावली आणि रंग जुळवायचे, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शॉट एकाच जगातले वाटतील असं करायचं, आणि ते जग दिग्दर्शकाच्या मनातलं आहे ना, हे पाहायचं. आमच्या धंद्यात या सगळ्याला डीआय म्हणतात. सध्या जो मराठी चित्रपट माझ्या टेबलावर आहे तो माण तालुक्यात चैत्र-वैशाखात चित्रित झालाय. नायिका रोजगार हमीच्या कामावर जाणारी बाई. जवळजवळ प्रत्येक दृश्यात तिचा चेहरा आहे, उन्हात रापलेला, सावळा. माझ्या लेखी या चित्रपटाचं सगळं डीआय त्या चेहऱ्याभोवती फिरतं. तो खरा दिसला की माळ, आभाळ, तलावाची कोरडी माती यांच्या जागा ठरवणं सोपं होतं.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास तसाच राहू देते. तापल्याशिवाय त्याचे रंग स्थिर होत नाहीत. मग काल संध्याकाळी शेवटी केलेले शॉट लावते, आवाज बंद ठेवून. प्रत्येकाला दोन-तीन सेकंद. एवढ्यातच जे वाटतं ते टिपून ठेवते: तांबूस, जड, हिरवट, बरोबर.

हे घाईने करायचं कारण डोळा. पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद आपल्याला पांढराच दिसतो, कारण मेंदू तो पिवळेपणा वजा करून टाकतो. जगायला ही सोय फार मोलाची आहे, आमच्या कामात मात्र तिच्यापासून सतत सावध राहावं लागतं. जरा हिरवट झालेली फ्रेम दहा मिनिटं पाहत बसलं की तीच नैसर्गिक वाटायला लागते आणि मग खरोखर नैसर्गिक असलेली फ्रेम गुलाबी दिसते. म्हणून पहिल्या नजरेला इथे सर्वांत जास्त मान. मध्येच मी मागच्या करड्या भिंतीकडे नजर नेते, डोळ्याला शून्यावर आणते आणि परत पडद्यावर येते. शेजारी स्कोप चालू असतात. वेव्हफॉर्मवर उजेडाची उंची कळते, परेडमध्ये लाल, हिरवा, निळा शेजारीशेजारी दिसतात, व्हेक्टरस्कोपवर रंगाची दिशा आणि गडदपणा कळतो. ही यंत्रं संध्याकाळी थकत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

दहा

सहायकाने तिसऱ्या रीलचं कन्फर्म पुरं केलंय. संकलक हलक्या फायलींवर काम करतो. त्याने लावलेल्या प्रत्येक कटाला कॅमेऱ्याची मूळ, जड फाइल जोडायची आणि एकही फ्रेम इकडची तिकडे झाली नाही ना, हे संकलकाच्या प्रतीशी ताडून पाहायचं, हे ते काम. आमची रील वीसेक मिनिटांची असते. या रीलमध्ये वेग कमी केलेला एक शॉट अडला होता आणि आभाळातला मोबाइल टॉवर पुसायचा शॉट व्हीएफएक्सवाल्यांकडून अजून आलेला नाही. त्या जागी तात्पुरता शॉट ठेवून सहायकाने वर लाल खूण केली आहे. पोरगं नांदेडचं आहे, हात फार स्वच्छ आहे त्याचा. कन्फर्म असं चोख असलं की मला दिवसभर फक्त चित्राचा विचार करता येतो.

अकरा

छायालेखक आले. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही. ते बाहेरच्या उन्हातून आलेले असतात, म्हणून आधी पाच मिनिटं नुसते बसतात. डोळा अंधाराला सरावल्याशिवाय ते पडद्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. तरुण दिग्दर्शक मात्र दारातूनच म्हणाला, “ताई, हे फारच डार्क वाटतंय.” दादांनी त्याला हाताने बसवलं. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा पाहिलं आणि काही बोलला नाही.

आजचं मोठं दृश्य पाझर तलावाच्या कामाचं. बायकांची रांग, घमेली, मुरूम. शूटिंग ॲलेक्सा कॅमेऱ्यावर झालंय, लॉगमध्ये. लॉगमधलं मूळ चित्र पाहिलं तर कुणालाही वाटेल की काहीतरी बिघडलंय. सगळं फिकट, धुरकट, कशालाच दम नाही. पण ते तसंच असायला हवं. कॅमेऱ्याला उन्हातल्या पांढऱ्या पागोट्यापासून झाडाखालच्या सावलीपर्यंत जेवढी उजेडाची पट्टी दिसते, तेवढी पडद्याला दाखवता येत नाही. लॉगमध्ये ती सगळी पट्टी दाबून, दोन्ही टोकं सांभाळून ठेवलेली असते. अठरा टक्के करडा, म्हणजे फोटोग्राफीतला मधला करडा, ॲलेक्साच्या लॉगमध्ये साधारण ३९ टक्क्यांवर बसतो. त्यातून पडद्यावरचं चित्र काढताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते इथे ठरतं.

दृश्य तीन दिवसांत घेतलेलं. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, दुसऱ्या दिवशी डोक्यावरचं, तिसऱ्या दिवशी वळवाचे ढग. पडद्यावर मात्र सगळं पाच मिनिटांत घडतं. एका शॉटमध्ये नायिका मुरूम भरते, पुढच्यात घमेलं उचलते. भरताना ऊन आहे, उचलताना ढग.

आधी एक शॉट मुख्य धरायचा. आम्ही तिचा मध्यम शॉट धरला, दुपारचा, चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला. त्यावर सगळ्यात जास्त वेळ दिला. आधी उजेड, मग उजेड-सावलीतलं अंतर, मग रंगांचा तोल, सगळ्यात शेवटी रंगाचा गडदपणा. हा क्रम उलटा केला की माणूस तासभर स्वतःभोवती फिरत राहतो, कारण उजेड हलला की प्रत्येक रंग हलतो. दुपारच्या उन्हात तिचे डोळे खोबणीत गेले होते. हनुवटीखाली मात्र तांबूस उजेड होता, तापल्या मुरुमावरून उसळलेला. गालाची सावलीतली बाजू निळसर, कारण सावलीत पोचतो तो उजेड आभाळाचा. एकाच चेहऱ्यावर तीन रंगांचा उजेड. नवखा माणूस हे सगळं एकसारखं करायला जातो आणि चेहरा प्लास्टिकचा होतो. मी हनुवटीखालचा तांबूस उजेड जसाच्या तसा ठेवला. ती जमिनीजवळ वाकून काम करते आहे हे त्या उजेडानेच कळतं.

मग त्या शॉटचं स्टिल घेऊन ठेवायचं आणि बाकीचे शॉट अर्ध्या पडद्यावर त्याच्या शेजारी लावून जुळवायचे. सकाळचे शॉट लवकर जमले. ढगाळ दिवसाचे अवघड. नसलेलं ऊन रंगाने आणता येत नाही. जमिनीवर सावल्याच नाहीत तर मी कुठून आणू? दादा म्हणाले, “त्यांना उन्हाकडे ओढू नकोस. उन्हाच्यांना जरा खाली आण, मधे कुठेतरी भेटू दे.” तसंच केलं. उन्हातल्या शॉटमधलं आभाळ खिडकी लावून थोडं उतरवलं. खिडकी म्हणजे चित्राच्या एका भागापुरता आखलेला आकार, ज्याच्या आतच बदल होतो. ढगाळ शॉटमधल्या चेहऱ्याला थोडी ऊब दिली, पाठीमागच्या मातीलाही. सावल्यांना हात लावला नाही. प्रेक्षक सावल्या मोजत बसत नाही. चेहऱ्याची कातडी एका कटात बदलली तर मात्र त्याला खटकतं, काय खटकलं ते सांगता आलं नाही तरी.

बाराच्या सुमारास दिग्दर्शकाची एक मागणी आली. “ताई, झाडं अजून करपलेली दिसू देत. दुष्काळ अंगावर आला पाहिजे.” मागणी रास्त होती आणि करता येण्यासारखीही. कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ या २००० सालच्या चित्रपटात छायालेखक रॉजर डीकिन्सनी मिसिसिपीतला हिरवागार उन्हाळा डिजिटल रंगसंस्काराने वाळलेल्या पिवळ्यात नेला होता. संपूर्ण चित्रपट अशा पद्धतीने रंगवण्याचं ते सुरुवातीचं मोठं उदाहरण, आणि तिथून हे काम जगभर पसरलं. मी हिरवा निवडून पिवळ्याकडे सरकवला, बाभळी करपल्या, गवत वाळलं. मग थांबले, कारण मागे कडुनिंब होता. चैत्रात कडुनिंबाला नवी पालवी असते, दुष्काळातही. माणदेशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि करपलेला कडुनिंब पाहून त्याच्या मनात पहिली शंका येईल ती चित्रपटाविषयीच. कडुनिंबाला वेगळी खिडकी लावून त्याचा पोपटी परत दिला. दिग्दर्शक थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “हो, हा असाच होता तिथे. आम्ही सगळे त्याच्याच खाली जेवायचो.” त्या एका हिरव्यामुळे बाकीचं वाळलेपण जास्तच जाणवत होतं.

दीड

डबे उघडतात. मी मुद्दाम बाहेर, गॅलरीत बसते. डोळ्यांना लांबचं काही पाहायला मिळालं पाहिजे.

दादांनी फिल्मच्या काळात काम सुरू केलं, त्यामुळे ते आजही पॉइंटमध्ये बोलतात. “एक पॉइंट लाल काढ.” लॅबमध्ये निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असत, प्रत्येकाला १ ते ५० असे आकडे. प्रत्येक शॉटसाठी तीन आकडे लिहायचे, बस. लॅबचा ग्रेडर निगेटिव्ह पाहून ते आकडे लिहायचा आणि पहिली प्रिंट आली की छायालेखक जाऊन बसायचा, अमुक शॉटला इतके पॉइंट सांगायचा. सगळी फ्रेम एकत्रच हलायची. आभाळ उतरवायचं तर चेहराही उतरणार, त्याला इलाज नव्हता. म्हणून सगळी कसरत शूटिंगच्या जागी व्हायची, रिफ्लेक्टर, कापड, तासन्‌तास ढगांची वाट पाहणं. दादांच्या उजेडात आजही ती शिस्त दिसते. त्यांचा शॉट माझ्याकडे येतो तेव्हा त्याचं निम्मं डीआय त्यांनी माळावरच केलेलं असतं. त्यांच्यासाठी मी कीबोर्डवर पॉइंटच्या कळा लावून ठेवल्या आहेत. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही ती सोय अजून आहे.

मराठी माणसांनी रंगासाठी किती लांबचा प्रवास केला, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. प्रभातचा ‘सैरंध्री’ १९३३ सालचा. वि. शांतारामांनी त्याला रंगीत करायचं ठरवलं, तेव्हा ते काम इथे होणार नव्हतं, चित्रपट जर्मनीला न्यावा लागला. रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९३७ मध्ये अर्देशिर इराणींच्या इम्पीरियलने ‘किसान कन्या’ इथेच रंगात काढला. ‘सैरंध्री’साठी झालेली ती धडपड मला फार मोठी वाटते. बोलपट येऊन दोन वर्षं झाली होती, आणि या लोकांना तेवढ्यात रंगही हवा होता. ज्या कामासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला ते मी अंधेरीत एका खोलीत बसून करते, याची जाणीव ठेवूनच मी नॉब फिरवते.

तीन

निर्माते आले. फलटणकडचे गृहस्थ, स्वतःच्या पैशांनी हा चित्रपट उभा केलाय, शूटिंगच्या दिवसांत युनिटबरोबर माळावर उभे राहिलेत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. सकाळचं दृश्य पाहिलं, दोन क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, “ताई, सगळं छान झालंय. फक्त बाईंचा चेहरा जरा उजळ करता आला तर बघा की. पोस्टरवरची बाई आहे शेवटी.”

हा प्रश्न आमच्या खोलीत दर चित्रपटाला येतो. येण्याचं कारण मला कळतं, आणि दर वेळी मी मन लावून उत्तर देते. मी त्यांना व्हेक्टरस्कोप दाखवला. त्यावर लाल आणि पिवळ्याच्या दरम्यान एक तिरपी रेघ असते, कातडीची रेघ म्हणतात तिला. माणसाची कातडी कुठलीही असो, गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, तिचा रंग या रेघेच्या आसपासच पडतो, कारण त्वचेखालचं रक्त आणि त्वचेतलं मेलॅनिन ही दोनच मुख्य द्रव्यं सगळ्यांत तो रंग घडवतात. फरक असतो तो उजेडाच्या उंचीत. गोरा चेहरा वेव्हफॉर्मवर साधारण साठ-सत्तर टक्क्यांवर दिसतो, सावळा चाळीसच्या आसपास. आमच्या नायिकेचा चेहरा रेघेवर अगदी बरोबर होता. दुरुस्त करण्यासारखी चूक त्या रंगात नव्हतीच.

“मग मला तो नीट का दिसत नाहीये?” त्यांनी विचारलं. प्रश्न खरा होता, आणि माझ्या मते त्यांची तक्रार पहिल्यापासून हीच होती. त्या शॉटमध्ये तिच्या मागे उन्हात पांढरं पडलेलं आभाळ होतं. पाठीमागे इतका उजेड असला की डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि पुढचा चेहरा काळवंडतो. मी त्यांच्यासमोर दोन आवृत्त्या केल्या. पहिलीत चेहरा उचलला, जसं त्यांना हवं होतं. गाल वर आले आणि राखाडी झाले, सावल्यांतला निळसरपणा वर आला, घामाचे ठिपके चेहऱ्यात विरघळले. उन्हाचा कडाकाच गेला, बाई जणू सावलीत उभी होती. दुसरीत चेहऱ्याला हातही लावला नाही. मागचं आभाळ उतरवलं, तिच्या पदराचा पांढरा काठ उतरवला, तिच्या डोळ्यांच्या खोबणीत फक्त चिमूटभर उजेड दिला, एवढाच की बुबुळातला ठिपका जिवंत होईल. तिची कातडी होती तेवढीच सावळी राहिली आणि चेहरा पडद्याच्या पुढे आला.

त्यांनी दुसरी आवृत्ती पुन्हा लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा. “हीच ठेवा,” म्हणाले.

या विषयावर माझं मत ठाम आहे, ते लपवायचं कारण नाही. कोडॅकने लॅबना रंग जुळवण्यासाठी जी कार्डं वाटली, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा फोटो असे, शर्ली कार्ड म्हणत त्यांना. त्या बाईची कातडी नीट छापली गेली की छपाई बरोबर, असा हिशेब. त्या मापाने छापलेल्या फोटोंत काळ्या माणसांचे चेहरे बुडून जात, डोळे आणि दात तेवढे दिसत. म्हणजे कुणाचा चेहरा माप म्हणून धरायचा, हे रसायनातही ठरवता येत होतं. आज माझ्या हातातलं सॉफ्टवेअर असं कुठलंही माप लादत नाही. सावळा चेहरा त्याच्या सगळ्या छटांसह दाखवण्याची पूर्ण मुभा आहे. ती मुभा असताना उन्हात कष्टणाऱ्या बाईला पावडर लावल्यासारखं गोरं करणं मला जमणार नाही. तिच्या कातडीतच तिचे उन्हाळे आहेत, आणि चित्रपट त्यांचाच आहे.

साडेचार

निर्माते चहा घेऊन गेले. पुढचे बारा-पंधरा शॉट भराभर झाले, घरातले, एकाच खिडकीच्या उजेडातले. दादांचं काम असं असलं की मला फारसं काही करावं लागत नाही. एकेका शॉटवर मिनिटभर.

पाच

आता रात्रीचं दृश्य. गावात रात्री टँकर येतो आणि नायिका हंडा घेऊन टेकडी उतरते. एवढी टेकडी उजळायची तर मोठे दिवे, जनरेटर, त्यांना ओढणारी वाहनं लागतात, आणि तेवढा पैसा नव्हता. म्हणून दादांनी दिवस कलायच्या वेळी, सूर्य समोर ठेवून, आभाळ फ्रेमबाहेर टाकून शूट केलं. डे फॉर नाइट. आता त्या दिवसाची रात्र करायची.

सगळ्यांना वाटतं की रात्र म्हणजे निळं करायचं. मी असं थेट निळं ओतत नाही. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच, आणि मोजलं तर ते उन्हापेक्षा किंचित पिवळंच भरतं. रात्र निळसर वाटते ती आपल्या डोळ्यामुळे. उजेड कमी झाला की डोळ्यातली रंग ओळखणारी यंत्रणा मंदावते, दुसरी जागी होते, आणि ती निळ्या-हिरव्याला जास्त दाद देते, लालला जवळजवळ देतच नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं: दिवसा झळाळणारी लाल फुलं पहाटेच्या अंधुकात काळी दिसतात आणि पानं मात्र उजळ. रात्र रंगवताना मी याच वाटेने जाते. आधी एकूण उजेड उतरवते. मग रंगांचा गडदपणा कमी करते, लालचा सर्वांत जास्त. नायिकेचं लुगडं तांबडं आहे, ते काळपट झालं आणि एका झटक्यात रात्र झाली, निळा न घालताही. मग किंचित थंडावा. मावळतीचा सूर्य मागून होता म्हणून तिच्या खांद्यावर, हंड्याच्या काठावर उजेडाची कड होती, ती चंद्राची झाली.

आणि चेहरा? अंधारात सावळा चेहरा नाहीसा व्हायला वेळ लागत नाही. गाल सगळा अंधारात जाऊ दिला, कपाळाची आणि नाकाची कड ठेवली, आणि तिच्या कातडीत उरलेली ऊब बाकी चित्रापेक्षा थोडी जास्त ठेवली. हे शास्त्रात बसत नाही. अंधारात कातडीही बेरंग दिसायला हवी. पण टेकडीवर ती एकटीच जिवंत आहे, आणि ते दिसायला हवं. दादांनी मान डोलावली. चालताना तिचं डोकं हलतं, म्हणून खिडकी तिच्याबरोबर फ्रेमागणिक सरकायला हवी; ट्रॅकिंग एकदा हंड्यावरच अडकलं, ते सहायकाने हाताने सुधारलं.

सात

दिवसाचं सगळं काम खालच्या छोट्या थिएटरमध्ये प्रोजेक्टरवर पाहायचं. निट्स हे झळाळीचं माप. चित्रगृहाच्या पडद्यावरचा पांढरा ४८ निट्सचा असतो, टीव्हीच्या मापातला १०० निट्सचा, फोन तर कितीतरी पुढे जातो. कागदावर चित्रगृह सगळ्यांत अंधुक. तरी तिथे चेहरा वीस फूट होतो आणि भोवती काळोख असतो, त्यामुळे डोळा त्या ४८ निट्सनाच पूर्ण उजेड मानतो. मॉनिटरवर न दिसलेल्या गोष्टी इथे दिसतात. एका शॉटमध्ये खिडकीची कड गालावरून जाताना जाणवली, टिपलं.

रात्रीच्या दृश्याला मी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसले. तालुक्याच्या गावातल्या चित्रगृहात दिवा जुना झालेला असला की पडदा मापापेक्षा अंधुक असतो. माझ्या थिएटरमध्ये जेमतेम दिसणारं तिथे मुळीच दिसणार नाही, आणि हा चित्रपट ज्यांचा आहे ती माणसं तिथेच बसणार आहेत. कपाळाची कड आणखी थोडी उचलायला हवी, टेकडीची रेघही. चित्रगृहांत जाणाऱ्या डिजिटल प्रतीत, म्हणजे डीसीपीत, प्रत्येक फ्रेम जेपेग २००० मध्ये, रंगामागे बारा बिटांनी, सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट या मर्यादेत साठवलेली असते. एवढी काटेकोर व्यवस्था शेवटी एका जुन्या दिव्यावर अवलंबून असते, तेव्हा त्या दिव्याचा विचार इथेच करायला हवा.

तलावाचं दृश्य आलं तेव्हा निर्माते पुन्हा आले होते, दारापाशीच उभे. दृश्य संपल्यावर म्हणाले, “तिच्या कानापाशी घामाचा ओघळ आहे. शूटिंगला मी समोर उभा होतो, मला दिसला नव्हता.”

साडेआठ

टीव्ही आणि ओटीटीसाठी आवृत्त्या वेगळ्या करायच्या आहेत, त्यांत एचडीआर, म्हणजे जास्त झळाळी दाखवणारी आवृत्तीही आहे. तिथे मॉनिटर १००० निट्सपर्यंत जातो, आणि तो तेवढा जाऊ शकतो म्हणून जायलाच हवं असं नाही. चित्रगृहात गालावर नुसता चमकणारा घाम एचडीआरमध्ये तेलासारखा झळकेल आणि तिचा चेहरा पुन्हा दिसेनासा होईल. सहायकाला टिपण लिहून दिलं: तिसऱ्या रीलमध्ये चेहऱ्यावरचे चमकते ठिपके २०० निट्सच्या आत, आभाळ त्याहून वर गेलं तरी सांभाळून, कडुनिंबाची खिडकी एचडीआरमध्ये नव्याने तपासायची, पोपटी तिथे फार भडकतो, रात्रीच्या टेकडीच्या दोन आवृत्त्या रेंडरला लावायच्या, एक आत्ताची, एक कड उचललेली. त्याने वाचून एकच विचारलं, “ताई, कानापाशीचा ओघळ?” तो मात्र २०० च्या थोडा वर जाऊ दे, म्हटलं.